ऑरेगॉनच्या चाकोऱ्या

परकी इतिहासग्रंथ वाचतांना कांहीं शब्द असे भेटतात कीं, त्यांना आपल्या भाषेंतील प्रतिशब्द दिला म्हणजे अर्थ हातीं आला असें वाटतें, आणि तेथेंच फसगत होते. 'फ्रंटियर' हा त्यांतलाच एक. आपण त्यास सरहद्द म्हणतों. पण सरहद्द म्हटली कीं दोन राज्यें, त्यांमधील चौक्या आणि दोन्ही बाजूंस नांदणारे लोक असें चित्र आपल्यापुढें उभें राहतें. अमेरिकेच्या इतिहासांत या शब्दाचा अर्थ निराळा आहे. तेथें फ्रंटियर म्हणजे गोऱ्यांच्या वसाहतीचा पश्चिमेकडे सरकत जाणारा कांठ. त्याच्या पलीकडे केवळ मोकळी जमीन, अशी समजूत. १८९० सालच्या खानेसुमारीवरून असा अखंड कांठ यापुढें दाखवितां येत नाहीं असें जाहीर झालें, आणि १८९३ सालीं शिकागो येथें फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या इतिहासकारानें अमेरिकन माणसाचा स्वभाव व त्याची लोकशाही या कांठावरच घडली असा सिद्धान्त मांडला. पुढच्या विद्वानांनीं तो पुष्कळ खोडून काढला. तथापि सिनेमानें व शाळेंतल्या पुस्तकांनीं तो लोकांच्या मनांत जागता ठेवला आहे. कांठापलीकडची जमीन खरोखरच मोकळी होती काय, हा प्रश्न मनांत धरून आम्ही नेब्रास्कापासून ऑरेगॉनपर्यंत मोटारीनें प्रवास केला. वाटेवरील स्थळांनीं व संग्रहालयांनीं त्याचें काय उत्तर दिलें, तें वाचकांपुढें ठेवावें असा या लेखाचा हेतु आहे.

ऑरेगॉनची जुनी वाट मिसूरी राज्यांतील इंडिपेंडन्स गांवापासून निघे, प्लॅट नदीच्या कांठाकांठानें चढत जाई आणि रॉकी पर्वत ओलांडून विलॅमिट नदीच्या सुपीक खोऱ्यांत उतरे. अंतर २,००० मैलांहून थोडें अधिक. १८४३ सालीं सुमारें हजार माणसांचा पहिला मोठा तांडा या वाटेनें गेला. पुढें १८४८ सालीं कॅलिफोर्नियांत सोनें सांपडल्यावर गर्दी एकदम वाढली. १८४० ते १८६० या वीस वर्षांत ऑरेगॉन, कॅलिफोर्निया व यूटा हे प्रांत गांठण्यासाठीं सुमारें तीन लाख माणसांनीं हीं मैदानें तुडविलीं. हे सारे कांहीं सोन्याच्या लोभानें निघालेले नव्हते. १८३७ च्या मंदींत बुडालेले शेतकरी, मिसिसिपीच्या खोऱ्यांतील हिवतापास विटलेलीं कुटुंबें, पंथाच्या छळामुळें देशोधडीस लागलेले मॉर्मन असे नाना परींचे लोक त्यांत होते. गाडीची पेटी सुमारें दहा फूट लांब व चार फूट रुंद. तींत पीठ, खारवलेलें मांस, अवजारें व बियाणें भरलें म्हणजे माणसांना जागा उरत नसे. बैल थकूं नयेत म्हणून धडधाकट माणसें, बायकामुलें धरून, पायींच चालत. दिवसाकांठीं दहा-पंधरा मैल, आणि असे चार ते सहा महिने! १८६९ सालीं पूर्व-पश्चिम लोहमार्ग जोडला गेला व या वाटेचें महत्त्व ओसरलें.

नेब्रास्काच्या पश्चिम भागांत सपाटी संपते आणि धुरांड्याच्या आकाराचा चिम्नी रॉक हा सुळका दिसूं लागतो. प्रवाशांच्या रोजनिशींत याच्याइतका उल्लेख दुसऱ्या कोणत्याही खुणेचा नाहीं. महिना-दीड महिना एकसारखें गवत पाहून कंटाळलेल्या डोळ्यांस तो किती दिलासा देत असेल, हें तेथें उभें राहिल्यावर कळतें. पुढें विसेक मैलांवर स्कॉट्स ब्लफचे कडे नदीपासून ८०० फूट उंच उठतात. तेथील संग्रहालयांत विल्यम हेन्री जॅक्सन याचीं चित्रें आहेत. हा गृहस्थ १८६६ सालीं स्वतः बैलगाड्या हांकीत या वाटेनें गेला होता, त्यामुळें त्याच्या चित्रांतील धूळ व चढ पाहणाऱ्यास खरे वाटतात.

याच परिसरांत एक थडगें आहे. रिबेका विंटर्स नांवाची मॉर्मन बाई १८५२ च्या ऑगस्टांत येथें पटकीनें वारली. तिच्या कबरीवर लावावयास दगड मिळाला नाहीं, म्हणून सोबत्यांनीं गाडीच्या चाकाची लोखंडी धांव वांकवून पुरली व तिच्यावर तिचें नांव व वय कोरलें. पुढें लोहमार्गाची आंखणी करणाऱ्यांस ती धांव दिसली, तेव्हां रूळ थोडे बाजूस सारण्यांत आले. १९९५ सालीं तें थडगें रुळांपासून सुरक्षित अंतरावर हलविलें. हजारों थडग्यांपैकीं ज्यांची जागा आज निश्चित दाखवितां येते, अशा थोड्यांपैकीं हें एक होय. चोर किंवा जनावरें यांनीं उकरूं नये म्हणून पुष्कळदां लोक मृतास वाटेंतच पुरीत आणि त्यावरून गाड्या हांकून जागा बुजवीत.

पटकीचा हा प्रसार आपल्यासही परका नाहीं. बंगालच्या खाडीलगतच्या मुलुखांतून १८१७ नंतर तिची सांथ जगभर फिरूं लागली. ती १८३२ सालीं अमेरिकेंत पोंचली, आणि १८४८ च्या अखेरीस न्यूयॉर्क व न्यू ऑर्लिन्स या बंदरांतून उतरून नद्यांवरील आगबोटींनीं मिसूरीच्या कांठास गेली. हा रोग पाण्यांतून पसरतो, हें लंडनांत डॉक्टर जॉन स्नो १८४९ सालीं नुकतेंच सांगूं लागले होते. प्लॅटच्या कांठीं एका तांड्यानें घाण केलेल्या तळावर दुसरा तांडा उतरे व तेंच पाणी पिई. या वाटेवर सर्वांत अधिक माणसें रोगराईनेंच नेलीं. त्याखालोखाल नदींत बुडणें, चाकाखालीं सांपडणें आणि स्वतःच्याच बंदुकीची गोळी लागणें, हीं कारणें होतीं.

मग सिनेमांतील तो सुप्रसिद्ध प्रसंग, गाड्यांचें रिंगण आणि भोंवतीं घोडे फेंकीत येणारे 'इंडियन', त्याचें काय? जॉन अनरू या इतिहासकारानें शेंकडों रोजनिशा व वर्तमानपत्रें चाळून १८४० ते १८६० पर्यंतचा हिशेब मांडला. त्याप्रमाणें मूळ रहिवाशांच्या हातून ३६२ प्रवासी मेले, तर प्रवाशांच्या हातून ४२६ मूळ रहिवासी. तीन लाख माणसांच्या वाहत्या रांगेंत हे आंकडे किती लहान आहेत, हें सांगावयास नको. त्याच रोजनिशांत मूळ रहिवाशांनीं वाट दाखविल्याचे, गाड्या नदीपार करून दिल्याचे आणि ताज्या मांसाच्या बदल्यांत कापड घेतल्याचे उल्लेख विपुल आहेत. म्हणजे 'मोकळ्या' मुलुखांतून जाणाऱ्यांस तेथील यजमानांची पावलोपावलीं गरज लागत होती.

ते यजमान शत्रू कसे झाले, हें पुढच्या मुक्कामीं समजतें. वायोमिंगमधील फोर्ट लॅरमी हें १८३४ सालीं कातड्यांच्या व्यापाराचें ठाणें म्हणून निघालें. १८४९ सालीं तें सैन्यानें विकत घेतलें व १८९० त सोडून दिलें. आज सरकारनें त्याच्या इमारती नीट राखल्या आहेत. १८५१ सालीं येथें तहासाठीं सुमारें १०,००० मूळ रहिवासी जमले. घोड्यांना चारा पुरेना, म्हणून सभा पूर्वेस हॉर्स क्रीकच्या कांठीं न्यावी लागली. गोऱ्यांस वाट मोकळी ठेवावी आणि त्याच्या मोबदल्यांत सरकारनें ५० वर्षें दरसाल ५०,००० डॉलरांचा माल द्यावा, असें ठरलें. सेनेट सभेनें मागाहून त्या ५० वर्षांचीं १० केलीं.

तीन वर्षांनीं, १८५४ च्या ऑगस्टांत, एका प्रवाशाची लंगडी गाय लकोटांच्या तळाकडे भरकटली व एकानें ती मारली. त्यांचा नायक कॉंकरिंग बेअर यानें भरपाई देऊं केली. तरीही ग्रॅटन नांवाचा तरुण अधिकारी २९ शिपाई व दोन तोफा घेऊन आरोपीस धरावयास गेला. गोळीबार सुरू झाला, नायक प्राणांतिक जखमी झाला आणि ग्रॅटनची सारी तुकडी कापली गेली. पुढल्या वर्षीं जनरल हार्नी यानें ब्लू वॉटर क्रीकवर ८६ लकोटा मारून त्याचा सूड घेतला. १८६८ सालीं याच ठाण्यांत दुसरा तह झाला व ब्लॅक हिल्स डोंगर लकोटांकडे राहिले. १८७४ त तेथें सोनें आढळलें आणि १८७७ त सरकारनें ते डोंगर घेतले. त्याबद्दल १९८० सालीं सर्वोच्च न्यायालयानें व्याजासह दहा कोटी डॉलरांहून अधिक भरपाई मंजूर केली. लकोटांनीं ती घेतली नाहीं. आम्हांस पैका नको, डोंगर हवेत, हें त्यांचें म्हणणें आजही कायम आहे. ज्या इतिहासावरचा दावा अजून मिटलेला नाहीं, त्यास केवळ जुनी हकीकत कसें म्हणावें?

फोर्ट लॅरमीपासून थोड्याच अंतरावर गर्न्सी गांवाजवळ या वाटेचा सर्वांत बोलका अवशेष आहे. नदीमुळें गाड्यांना एकाच उंचवट्यावरून जावें लागे, आणि त्या ठिकाणीं मऊ वालुकाश्मांत चाकांनीं पांच-पांच फूट खोल चाकोऱ्या पाडल्या आहेत. 'चाकोरी' हा शब्द आपण हल्लीं बहुधा लाक्षणिक अर्थानेंच वापरतों. येथें त्याचा मूळ अर्थ हातानें चांचपतां येतो. पलीकडच्या रजिस्टर क्लिफवर व पुढें इंडिपेंडन्स रॉकवर प्रवाशांनीं आपलीं नांवें कोरलीं. हा दुसरा खडक मैलाहून अधिक घेराचा असून चार जुलैपर्यंत तेथें पोंचलें तर बर्फ पडण्यापूर्वीं डोंगर ओलांडतां येतील, असा ठोकताळा असे. फादर द स्मेट यांनीं त्यास वाळवंटाची नोंदवही म्हटलें. ही नोंदवही जपलीच पाहिजे. मात्र तींत वाटेनें गेलेल्यांचीं नांवें आहेत. ज्यांच्या अंगणांतून ते गेले त्यांचीं नाहींत, हें वाचणाऱ्यानें ध्यानांत ठेवावें.

साउथ पासची रुंद, सौम्य खिंड ओलांडून आयडाहोमार्गे आम्ही ऑरेगॉनांत उतरलों. बेकर सिटीजवळ फ्लॅगस्टाफ टेकडीवर १९९२ सालीं उघडलेलें संग्रहालय प्रवाशांच्या कष्टांचें दर्शन पूर्णाकृति गाड्या व पुतळे मांडून फार परिणामकारक रीतीनें घडवितें. तेथून शंभर मैलांच्या आंत, पेंडलटनजवळ, कायूस, उमाटिला व वाला वाला या जमातींनीं १९९८ सालीं स्वतः उभारलेलें तमास्तलिक्ट नांवाचें संग्रहालय आहे. वाट तीच, काळ तोच. पण येथें गाड्या येतांना दिसतात, जातांना नव्हे. त्या गाड्यांबरोबर १८४७ सालीं गोवर आला. व्हिटमन नांवाच्या मिशनरी डॉक्टराचे औषध घेऊनही कायूसांचीं मुलें मरत आणि गोऱ्यांचीं पुष्कळशीं वांचत. विषाचा संशय घेऊन कांहीं कायूसांनीं डॉक्टर, त्याची पत्नी व इतर अकरा जणांना ठार मारलें, आणि १८५० सालीं पांच कायूस फांशीं गेले. त्याच साली काँग्रेसनें कायदा करून गोऱ्या जोडप्यास ६४० एकरांपर्यंत जमीन फुकट देऊं केली. १८५५ चा तह होऊन या तीन जमातींनीं ६४ लाख एकर सोडले ते त्यानंतर. देणगी आधीं आणि खरेदी मागाहून, असा हा क्रम आहे.

या संग्रहालयाचे तीन भाग आहेत: आम्ही होतों, आम्ही आहोंत, आम्ही असूं. दालनांतून हिंडतांना त्या जमातींचींच मुलें शिक्षकांबरोबर आलेलीं आम्हीं पाहिलीं.

आज कित्येक मराठी कुटुंबांतील मुलें अमेरिकेंत स्थायिक आहेत, आणि आईबाप चार-सहा महिने त्यांच्याकडे राहून येतात. नायगारा व न्यूयॉर्क पाहून झाल्यावर एखादा आठवडा या वाटेस द्यावा अशी आमची सूचना आहे. नातवंडांना बरोबर न्यावें, कारण तीं ज्या देशाचीं नागरिक होत आहेत त्याचा हा जमाखर्च आहे. चाकोऱ्यांत उभें राहून त्या अनवाणी चाललेल्या बायकामुलांच्या चिकाटीस मान द्यावा. रिबेका विंटर्सच्या थडग्यापाशीं थोडें थांबावें. आणि परतीची घाई असली तरी पेंडलटनचें संग्रहालय चुकवूं नये. एकाच बाजूचीं स्थळें पाहून परतणाऱ्यास टर्नरचा तो कांठ खरा वाटेल. दोन्ही पाहिलीं म्हणजे या वाटेवर मोकळी जमीन कोठेंच नव्हती, हें कोणी सांगण्याची गरज उरत नाहीं.