नावापुरता ओळखीचा शत्रू

देवास जिल्ह्यात काळीसिंधेच्या काठी वसलेले सोनकच्छ हे माळव्याच्या काळ्या जमिनीवरचे गाव. अशीच जमीन दक्षिणेस वऱ्हाडात आणि कर्नाटकातही आढळते. कापसाची जमीन हीच तिची जुनी ख्याती होय. १९२४ साली इंदूरला वनस्पतिउद्योग संस्था निघाली, तीही प्रामुख्याने कापसाच्या संशोधनासाठी.

या कापसाच्या एका शत्रूची जन्मपत्रिका मात्र इंग्लंडमध्ये मांडली गेली. विल्यम लुकस डिस्टंट (१८४५–१९२२) या कीटकशास्त्रज्ञाने मध्य अमेरिकेतील झाडांवरच्या ढेकणांचे वर्णन करताना १८८३ साली ‘क्रिऑन्टियाडिस’ नावाचा नवा वंश स्थापन केला. १९०३ साली मलय द्वीपकल्पातील बिसेरात येथून आलेल्या एका ढेकणाला त्याने त्या गावावरूनच नाव दिले. पण त्याला बसविले ‘मेगासीलम’ या निराळ्या वंशात. पुढे पंडितांनी त्याची रवानगी क्रिऑन्टियाडिसमध्ये केली आणि अलीकडे त्याला तिसरेच घर मिळाले आहे. हिंदुस्थानातील अशा कीटकांवर डिस्टंटने १९०२ ते १९१८ या काळात सात खंड लिहिले. ते प्रचंड कार्य होते. तथापि त्यात भर होता तो टाचणीला टोचलेल्या नमुन्यांच्या वर्णनावर. जिवंत कीटक काय खातो, केव्हा वाढतो, त्याला कोण आवरतो, याचा शोध मागेच राहिला.

या उपेक्षेची किंमत शंभर वर्षांनी मोजावी लागली. २००२ साली भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली. त्यातील विष पाने व बोंडे कुरतडणाऱ्या अळ्यांना मारते. सोंड खुपसून रस शोषणाऱ्या ढेकणाला ते बाधत नाही. बोंडअळीसाठीच्या फवारण्या कमी झाल्या, तसा आजवर त्यांच्याखाली दबून राहिलेला हा कीटक वर आला. २००५ च्या सुमारास कर्नाटकातील हावेरी भागात पात्या गळू लागल्या, कोवळी बोंडे वेडीवाकडी झाली. उत्तर चीनमध्येही याच कुलातील कीटक असेच माजल्याचे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले.

शत्रू नवा नव्हता. त्याचे नाव ग्रंथात होते, चरित्र मात्र कोणी लिहिले नव्हते. आज क्षुल्लक वाटणाऱ्या प्राण्याचा अभ्यास ही विद्वानांची चैन नव्हे. शेताची व्यवस्था बदलली की त्यातील कोण केव्हा बलवान होईल, हे आधी जाणण्याचा तोच एक मार्ग आहे.