नळीवरची बॅटरी

गेल्या दिवाळीत माझ्या चुलतभावाचा मुलगा कोल्हापुरातून एक बॅटरी घेऊन आला. बोटाएवढी लांब, खाली घट्ट बसणारा लोखंडी चिमटा. म्हणाला, "काका, ही आपल्या बंदुकीच्या नळीवर बसते. बटण दाबलं की गंजीपलीकडचा बांध दिसतोय. शिवाय माशीला लावायला चमकणारा रंगपण मिळतो. मळ्यात तुम्ही दोघंच असता. बसवूया?"

मी म्हटलं, "बस आधी. च्या घे." कारण ही गोष्ट आमच्या घरात नवी नव्हती. नळीवरची बॅटरी आमच्या घरानं एकदा बघितली होती. ती का काढली, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आमची बंदूक ठासणीची. आज्जाच्या नावावर तिचा परवाना इंग्रजाच्या काळात झाला. 1857 चं बंड मोडल्यावर सरकारला रयतेच्या हातातल्या हत्याराची धास्ती बसली, आणि 1878 साली लॉर्ड लिटनच्या अमदानीत हत्यारांचा कायदा आला. तेव्हापासून बंदूक म्हटलं की परवाना. स्वातंत्र्यानंतर 1959 चा कायदा झाला. त्यात शेतकऱ्याची आठवण ठेवलेली आहे: पिकाच्या राखणीसाठी खरोखर गरज असेल तर ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळतो. आजरा-चंदगडाकडच्या डोंगरपट्ट्यात अशा बंदुका पुष्कळ घरांत होत्या. निवडणूक लागली की त्या पोलीस ठाण्यात जमा करायच्या, निकाल लागला की परत आणायच्या. आमच्या बंदुकीनं आमच्यापेक्षा जास्त वेळा तालुका बघितला असेल.

ठासणीची बंदूक म्हणजे सावकाशीचं काम. नळीत दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा, गजानं ठासायचं, मग छर्रे, परत बोळा, परत ठासणी. मागं घोड्याखाली तांब्याची टोपी बसवायची. एक बार उडाला की दुसरा भरेपर्यंत डुक्कर रान ओलांडून गेलेलं असतं. म्हणजे रात्री तुमच्या हातात एकच बार. तो कुणावर टाकायचा, हे टाकायच्या आधीच कळायला पाहिजे.

अशा बंदुकीला रायफलीसारखी मागची खाच नसते. नळीच्या टोकाला पितळेचा एक दाणा असतो, त्याला माशी म्हणतात. छर्रे पसरत जातात, लांबचा नेम नसतोच, म्हणून तेवढ्या दाण्यावर भागतं. पण अंधार पडला की पहिल्यांदा दिसेनाशी होते ती माशीच. आज्जा जागलीला निघताना पानाच्या चंचीतला चुना बोटावर घेऊन माशीवर टेकवायचा. चांदण्यात तो ठिपका दिसायचा. अवसेला तोही दिसायचा नाही. मग आज्जा म्हणायचा, "माशी दिसंना तर चापाला बोट लावायचं न्हाई." त्याच्या दृष्टीनं चुन्याचा ठिपका नेमासाठी होता, तितकाच थांबण्यासाठीही होता.

मी शाळेत असताना शहाणपणा केला. बैलगाडीच्या मागं लावतात तो लाल रेडियमचा तुकडा कापून माशीला चिकटवला. रात्री बघतो तर काही नाही. रेडियम म्हणून आपण जे विकत घेतो ते स्वतः उजेड देत नाही, आलेला उजेड परत पाठवतं. उजेडच नसेल तर ते पाठवणार काय? आज्जा पोट धरून हसला होता.

उजेडाचीही अशीच एक वंशावळ आहे. आधी टेंभा, मग कंदील. कंदील हातात धरला तर दहा पावलांपुढचं दिसत नाही, आणि पलीकडच्याला मात्र आपण पुरते दिसतो. माणसाच्या डोळ्याला अंधाराची पुरती सवय व्हायला अर्धा तास लागतो, आणि ती मोडायला कंदिलाकडं एकदा बघणं पुरतं. म्हणून जुने जागले कंदील खोपीत ठेवून बाहेर अंधारात बसायचे. पुढं कार्बाइडचा दिवा आला. खालच्या डब्यात कार्बाइडचे खडे, वरच्या डब्यातून थेंब थेंब पाणी. त्यातून गॅस निघायचा, त्याची पांढरी ज्योत, मागं चकचकीत थाळी. खाणीतले मजूर आणि पूर्वीचे सायकलवाले हाच दिवा वापरायचे. त्याला लसणासारखा वास यायचा. वारा आमच्याकडून रानाकडं असला की डुकरांना आमची खबर आधी लागायची.

मग आली सेलची बॅटरी. दोन सेलची, तीन सेलची, आणि ज्याच्या घरी ऊस जास्त त्याच्याकडं पाच सेलची. सेल उतरले की आई ते उन्हात वाळत घालायची. त्यानं दोन दिवस जरा उजेड यायचा. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, तीन सेलची बॅटरी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी नळीला खालून बांधली. दोन्ही हात बंदुकीला मोकळे, डाव्या अंगठ्यानं बटण सरकवायचं. गावात दोघा-तिघांनी त्यांचं बघून तसंच केलं.

आता 1982 साल. त्या वर्षी 18 जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर. आमच्या पट्ट्यातल्या बहुतेक घरांचं एकेक माणूस गिरणीत होतं. आमचा तात्याही होता, आबांचा धाकटा भाऊ. दिवाळीपर्यंत संप मिटेल म्हणून तो तिथंच थांबला होता. मनिऑर्डर बंद झाली होती. पत्रात फक्त "बरा आहे".

भात पोटरीतून बाहेर पडून भरलं होतं. दोन रात्री लागोपाठ डुकरं येऊन गेली होती. त्यातच शेजारच्या मळ्यातल्या मोटारीची तांब्याची तार चोरीला गेली होती. त्यामुळं आबा बार भरून ओट्यावरच निजायचे. मी शेजारी. अवसेच्या आसपासची रात्र. बाराच्या सुमारास कुत्रं एकदा भुंकलं आणि गप्प झालं. ते गप्प झालं हे आमच्या ध्यानात यायला पाहिजे होतं. गोठ्यामागच्या पिंजराच्या गंजीपाशी खसखस वाजलं. आबा उठले. घोडा चढवल्याचा आवाज मला ऐकू आला. त्यांनी बंदूक खांद्याला लावली आणि मग अंगठ्यानं बटण सरकवलं.

उजेडात एक काळा गोळा दिसला. खाली वाकलेला, घोंगडं पांघरलेला. डोळे चमकले नाहीत.

हे डोळ्यांचं सांगायला पाहिजे. म्हैस, कुत्रं, हरीण, बिबट्या यांचे डोळे बॅटरीत चमकतात, कारण त्यांच्या बुबुळामागं उजेड परतवणारा पडदा असतो. डुकराच्या डोळ्यात तो नसतो. माणसाच्याही नसतो. म्हणजे अंधारात ज्या दोघांमधला फरक ओळखणं सगळ्यात गरजेचं, ते दोघेच बॅटरीत सारखे दिसतात.

"कोण हाय रं?" हे आबा ओरडले ते नेम धरल्यावर. गोळा हलला, वर झाला. त्याला तोंड फुटलं. "दादा, म्या हाय." तात्या होता. शेवटच्या एस.टी.नं फाट्यावर उतरून तीन कोस चालत आला होता. खांद्यावर वळकटी. रिकाम्या हातानं कुणाला उठवायचं म्हणून सकाळपर्यंत गंजीच्या आडोशाला बसणार होता.

आबांनी घोडा उतरवला. त्यांचा हात इतका कापत होता की मला वाटलं, आता उतरवतानाच बार उडतोय. त्या रात्री कुणी काही बोललं नाही. आईनं भाकरी वाढली, तात्यानं खाल्ली.

सकाळी आबांनी विळ्यानं ट्यूबच्या पट्ट्या कापल्या. मी विचारलं, "राहू द्या की, चांगली दिसत हुती." ते म्हणाले, "बघायसाठी नेम धराया लागतोय हिच्यात. आधी बघायचं, मग ठरवायचं. हिनं उलटं केलं."

मी फक्त दहावी शिकलो, पण त्याहून नेमकं मला कुठं वाचायला मिळालेलं नाही. नळीला बांधलेल्या बॅटरीचा दोष उजेडात नसतो. ज्याच्याकडं बघायचं त्याच्या छातीवर नळी रोखल्याशिवाय ती बघूच देत नाही. शिवाय काळ्या दारूचा धूर त्याच उजेडात पांढरी भिंत होऊन उभा राहतो, आणि बार टाकल्यावर काय झालं तेही दिसत नाही. त्यानंतर आमच्या घरचा नेम ठरला. पहिल्यांदा हाक. मग बॅटरी, ती दुसऱ्याच्या हातात, बाजूला उभं राहून. तोवर नळी जमिनीकडं आणि घोडा उतरलेला.

मी पोराला हेही सांगितलं की 1972 च्या कायद्यानं जनावरावर परवानगीशिवाय बार टाकता येत नाही. रात्री घर फोडून शिरणाऱ्यापुढं कायदा आपल्याला बचावाचा मोठा हक्क देतो, पण गरजेपेक्षा जास्त इजा करायचा देत नाही. आणि गंजीआड बसलेला माणूस घर फोडत नसतो.

त्यानं आणलेली बॅटरी मात्र खरंच चांगली आहे. निळा उजेड देणारा एलईडी तीन जपानी माणसांनी काढला, त्यातूनच हा पांढरा उजेड आला. 2014 साली त्यांना नोबेल मिळालं. आमचे तीन सेल याच्यापुढं काजवा. मी चिमटा काढून ठेवला आणि बॅटरी दाराशेजारच्या खुंटीला अडकवली. बंदुकीची खुंटी आतल्या खोलीत आहे.

पोरगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आज्ज्यानं मला हे कधीच सांगितलं नाही."

तात्या त्या रात्रीबद्दल कुणाशीच बोलला नाही. पण पुढं जिवंत असेपर्यंत, रात्री कधी घरी यायचा झाला, की ओढ्यापासूनच मोठ्यानं खोकत यायचा.