मेनिंजायटिसची लस आणि तिचे सहायक द्रव्य : प्रस्तावना

जिवाणूंमुळे मेंदूच्या आवरणांना सूज आली, की सकाळी नुसते तापलेले मूल रात्रीपर्यंत बेशुद्ध पडू शकते. वेळेत औषध मिळूनही काही मुले दगावतात. वाचलेल्यांपैकी काहींना कायमचे बहिरेपण येते. म्हणून या रोगात खरी भिस्त लशीवर. लशीचा जोर कशाने वाढतो, हे शोधणाऱ्या विद्याशाखेत नव्याने येणाऱ्या प्रत्येकाचे मनापासून स्वागत.

या शाखेची सुरुवात घोड्यांपासून झाली. १९२५च्या सुमारास पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील गास्ताँ रामाँ यांनी घटसर्पाच्या निर्विष केलेल्या विषात टॅपिओका मिसळून ते घोड्यांना टोचले. टोचल्या जागी सूज आली आणि रक्तात प्रतिविष जास्त तयार झाले. पुढच्याच वर्षी अलेक्झांडर ग्लेनी यांनी तेच काम तुरटी या अ‍ॅल्युमिनियमच्या क्षाराने साधले. अ‍ॅल्युमिनियमचे क्षार आजही सहायक द्रव्य, म्हणजे लशीचा जोर वाढवणारा पदार्थ, म्हणून कितीतरी लशींत असतात.

मेनिंजायटिस घडवणाऱ्या मेनिंगोकोकस या जिवाणूभोवती शर्करेचे कवच असते. नुसती ती शर्करा टोचली तर दोन वर्षांखालच्या मुलांचे शरीर तिला फारशी दाद देत नाही. तिला प्रथिनाची जोड दिली, की प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी मदतीला येतात आणि त्या जिवाणूची स्मृती टिकते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या मेनआफ्रिव्हॅक या लशीत या जिवाणूच्या ‘ए’ गटाची शर्करा धनुर्वाताच्या टॉक्सॉइडला, म्हणजे निर्विष केलेल्या विषाला, जोडलेली आहे आणि सोबत अ‍ॅल्युमिनियम फॉस्फेट आहे. डिसेंबर २०१०मध्ये बुर्किना फासोत ती प्रथम मोठ्या प्रमाणावर दिली गेली. लसीकरण झालेल्या भागांतून ‘ए’ गटाच्या साथी जवळजवळ नाहीशा झाल्या.

पुढे याच संस्थेची पाच गटांवरची लस मालीतल्या लहान मुलांवर अ‍ॅल्युमिनियम फॉस्फेटसह आणि त्याविना अशी दोन्ही प्रकारे तपासली गेली. फायद्यात फरक दिसला नाही, म्हणून ते वगळले. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो : सहायक द्रव्य घालणे जितके शास्त्र, तितकेच ते न घालणेही.

‘बी’ गटाची अडचण वेगळीच. त्याची शर्करा आपल्याच चेतापेशींवरील शर्करेसारखी असल्याने शरीर तिच्याविरुद्ध उठत नाही. म्हणून जिवाणूची प्रथिने आणि त्याच्या बाह्यपटलाच्या सूक्ष्म पिशव्या वापरतात. या पिशव्या लस आणि सहायक द्रव्य अशी दोन्ही कामे करतात. पण त्यांच्यातल्या लिपिड ए या घटकाने तापही चढतो. ब्रिटनमध्ये तान्ह्या बाळांना ‘बी’ गटाची लस देताना पॅरासिटामॉल द्यायला सांगतात. आता जिवाणूची जनुके बदलून लिपिड ए सौम्य करण्याचे प्रयत्न चालू आहेत. ताप उतरावा, पण प्रतिसाद उतरू नये, हा तोल साधणे अजून बाकी आहे आणि तिथे तुमचे हात हवे आहेत.