पेरूच्या बागेतला रेडिओ

शिर्डीत ड्रायव्हर म्हटले की मनमाड-कोपरगाव स्टेशनांवरून भक्तांना घेऊन येणारा जीपवाला डोळ्यांपुढे उभा राहतो. त्यामुळे पुतण्या जेव्हा म्हणाला, "काका, मी ड्रायव्हर लिहितोय," तेव्हा मी त्याला चक्क विचारले, "अरे, ड्रायव्हर ठेवतात, लिहितात कसला?" पोरगा हसला आणि त्याने नखाएवढी काळी चकती माझ्या तळहातावर ठेवली. तो म्हणे रेडिओ!

आमच्या पिढीचा रेडिओ म्हणजे फळीवर विणलेल्या झालरीखाली बसलेले बडे प्रस्थ. तो घरात ठेवायचा तर परवाना लागे. वडील दरवर्षी पोस्टात पैसे भरून शिक्का मारून आणीत. नुसते ऐकायला ही तऱ्हा, मग बोलणाऱ्या यंत्राची कथा काय सांगावी? हा पहारा १९३३ च्या इंग्रजी अमदानीतल्या बिनतारी तारायंत्र कायद्याने बसवला होता. २००५ साली सरकारने ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांना परवान्यावाचून मोकळा केला. या बातमीची चर्चा चावडीवर झाली नाही, पण शेतातल्या यंत्राला तिने वाचा दिली. त्याच दशकात पवईच्या आयआयटीतील प्रा. उदय देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाशिककडच्या द्राक्षमळ्यात 'ॲग्रिसेन्स' नावाने अशी बिनतारी यंत्रे लावून पाहिली.

आमच्या राहात्याकडे द्राक्षांपेक्षा पेरूचा बोलबाला. पुतण्याला मातीचा ओलावा घरबसल्या कळायला हवा होता, कारण पाण्याची पाळी रात्रीबेरात्री येते. त्याने आणलेली चकती सेमटेक कंपनीची, एसएक्स १२७६ जातीची. तिची 'लोरा' ही रीत मूळची फ्रान्समधल्या ग्रनोबल गावच्या सायक्लिओ कंपनीची; २०१२ साली सेमटेकने ती विकत घेतली. शीळ खालून वर चढत जावी तशी लहर ही चकती सोडते, आणि ती गोंगाटातूनही दूरवर ओळखू येते.

आता ड्रायव्हर म्हणजे काय? चकतीच्या पोटात क्रमांक घातलेले खण असतात. कोणत्या खणात कोणता आकडा ठेवायचा हे तिला सांगणारा लिखित कारभारी म्हणजे ड्रायव्हर. ८६५.०६२५ मेगाहर्ट्झवर बोलायचे, तर तीन खणांत २१६, ६८ आणि ० ठेवायचे. अगदी तिजोरीचे कुलूप!

पहिला कारभारी पुतण्याने एका विक्रेत्याकडून तयार घेतला. तो मोहोरबंद होता. आत काय लिहिले आहे हे दिसायची सोय नाही. नवव्या-दहाव्या दिवशी बॅटरी गार! नवी घातली, तीही गेली. ऐन उन्हाळ्यात दोन पाळ्या हुकल्या आणि फळगळ झाली. विक्रेत्याचे उत्तर एकच: यंत्र ठीक आहे.

हे ऐकून मला रिचर्ड स्टॉलमन आठवले. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीत त्यांच्या प्रयोगशाळेतले छपाई यंत्र सारखे अडे. दुरुस्तीसाठी त्याचा मूळ कार्यक्रम मागितला, तर तो ज्याच्यापाशी होता त्याने 'न देण्याचे वचन दिले आहे' म्हणून हात झटकले. त्या चिडीतूनच पुढे १९८३ मध्ये त्यांनी सर्वांना वाचता व बदलता येईल अशा प्रणालीची घोषणा केली. एवढ्या थोर चळवळीचे मूळ अडकलेल्या कागदात असावे, याचे मला फार हसू येते.

पुतण्याने कंपनीचे माहितीपत्रक उघडले. ते सर्वांना खुले आहे. त्यात लिहिले होते की ही चकती निजली तर ०.२ मायक्रोअँपिअर वीज खाते आणि कान देऊन बसली तर सुमारे ११ मिलिअँपिअर. म्हणजे पन्नास हजार पटींहून जास्त. बंद कारभारी निरोप धाडल्यावर तिला निजवतच नव्हता! पोराने तीन महिने रात्री जागून नवा ड्रायव्हर लिहिला आणि वाटेल त्याने घ्यावा म्हणून इंटरनेटवर मोकळा ठेवला. "फुकट वाटतोस?" असे त्याच्या वडिलांनी विचारलेच. मीही मनातून त्यांच्याच बाजूचा होतो.

महिन्याभराने कुण्या परदेशी माणसाचे पत्र आले. पुतण्याच्याच लिखाणात चूक होती: लोराचा खण चकती निजलेली असतानाच बदलता येतो, आणि हा तो जागेपणी बदलू पाहत होता, म्हणून ती कधी कधी मुकी राही. दुरुस्तीच्या चार ओळी सोबत होत्या.

पाडव्याला घातलेली बॅटरी अजून चालू आहे. परवा पहाटे, काकड आरतीचे सूर ऐकू येत असताना, पुतण्याच्या फोनवर तिचा निरोप उमटला: तिसऱ्या ओळीला आज पाणी नको. तो कूस बदलून पुन्हा झोपला.