भेंडीचा हळद्या आणि युरियाची गोणी

परभणीच्या आसपास भेंडीच्या प्लॉटवर गेलं की एक प्रश्न हमखास येतो, "पानं पिवळी पडली, युरिया टाकू का?" माझ्या अभ्यासाचा विषय या प्रश्नातच आहे. पण उत्तरासाठी थोडं मागे जावं लागेल.

हळद्या, म्हणजे पानांच्या शिरा पिवळ्या करणारा विषाणूजन्य रोग. मुंबई इलाख्यात त्याची नोंद १९२४ सालीच झाली. तेव्हा आपल्याकडे युरियाचा कारखानाही नव्हता, म्हणजे हा रोग युरियाने आणलेला नाही. तो पसरवते पांढरी माशी. पुढे 'पुसा सावनी' हा लोकप्रिय वाण रोगाला बळी पडू लागला. मग परभणीच्या कृषी विद्यापीठात (स्थापना १९७२) जांभळे आणि नेरकर यांनी त्याचा रानटी जातीशी संकर केला आणि १९८० च्या दशकात 'परभणी क्रांती' आली.

दरम्यान शेतातलं नत्रही वाढत होतं. १९५१ मध्ये सिंद्रीचा सरकारी खत कारखाना सुरू झाला, मग ट्रॉम्बेचा. २०१० पासून स्फुरद-पालाशच्या खतांचे भाव मोकळे झाले, युरियाचा मात्र सरकारने बांधून ठेवला. जी गोणी स्वस्त, तीच शेतात जास्त पडली.

जादा नत्राने पिकाला काळोखी येते, पानं लुसलुशीत होतात. प्रथिनांत न बदललेलं नत्र अमिनो आम्लांच्या रूपात रसात राहतं. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांना हेच हवं असतं. 'परभणी क्रांती' विषाणूला दाद देत नव्हती, पण माशीला अडवणं हे तिचं काम नव्हतं. आज तिची ती ताकदही पहिल्यासारखी राहिलेली नाही.

म्हणून नत्र बंदच करायचं का? नाही. उपाशी टोमॅटोवर अल्टरनेरियाचा करपा उलट जास्त येतो. माती तपासून, शिफारशीएवढंच, हप्त्याहप्त्याने द्यायचं.

आता पहिला प्रश्न. खालची जुनी पानं सरसकट फिकी पडली असतील, तर नत्र कमी असू शकतं. पण शिरांचं पिवळं जाळं आणि मध्ये हिरवं दिसलं, तर तो हळद्या आहे. तिथे युरिया टाकून विषाणू जात नाही, माशीची मात्र सोय होते. असं झाड दिसताच उपटून नष्ट करा.