शनीच्या सावलीतून

शनी म्हटलं की आपण तेल, रुईची पानं आणि साडेसाती यांच्या पलीकडे फारसे जात नाही. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरातल्या काही ख्रिस्ती तरुणांनी मात्र याच शनीच्या वाटेवर आपली श्रद्धा तपासून पाहिली, आणि तीही रॉक संगीतातून! नातवाने ती गाणी ऐकवली तेव्हा मला निम्मा गोंगाटच वाटला. पण त्यामागची गोष्ट त्याने सांगितली आणि मी सरसावून बसलो.

हे कलाकार 'फाइव्ह आयर्न फ्रेन्झी' या बँडमधले. रीस रोपर हा त्यांचा मुख्य गायक. त्यांनी 'ब्रेव्ह सेंट सॅटर्न' हा वेगळा बँड काढला. २०००, २००३ आणि २००८ असे तीन अल्बम आले. म्हणजे सगळं पुरं व्हायला आठ वर्षं लागली, साडेसातीपेक्षा थोडी जास्तच. तिन्ही मिळून कथा एकच, 'ग्लोरिया' नावाच्या यानाच्या शनी-प्रवासाची. पहिल्या अल्बमचं नाव 'सो फार फ्रॉम होम', घरापासून इतकं दूर. दुसऱ्यात यान सूर्याच्या उजेडाला पारखं होतं आणि आतली माणसं काळोखात अडकतात. त्या अल्बमच्या नावात मात्र आशेचा प्रकाश आहे. न दिसणाऱ्यावर भरवसा ठेवणं म्हणजे श्रद्धा, असं सांगणाऱ्या बायबलमधल्या 'इब्री लोकांस पत्रा'ची ते आठवण करून देतं. शेवटचं गाणं 'डेलाइट'. पण तिथे पोचायला आधीचा सगळा अंधार ऐकावा लागतो.

मला हेच पटलं. आमची ही गेल्यावर कितीतरी महिने मी देवापुढे दिवा लावायचो, पण मागायचो काहीच नाही. त्या दिवसांत कुणी 'सगळं ठीक होईल' म्हटलं की राग यायचा. या पोरांनी अंधार लपवला नाही.

गंमत म्हणजे पहिले दोन अल्बम आले तेव्हा खरंखुरं 'कॅसिनी' यान शनीच्या वाटेवरच होतं. ते ऑक्टोबर १९९७ मध्ये सुटलं आणि जुलै २००४ मध्ये पोचलं. तिथून पृथ्वीवर निरोप यायला तासाहून जास्त वेळ लागे. १९ जुलै २०१३ रोजी ते शनीच्या सावलीत शिरलं. एरवी तिथून पृथ्वी सूर्याच्या अगदी जवळ दिसते, त्यामुळे कॅमेरा दिपून जायचा. त्या दिवशी सूर्य शनीआड झाकला गेला, म्हणूनच सुमारे १४४ कोटी किलोमीटरवरून आपल्या पृथ्वीचा फोटो काढता आला. कड्यांच्या खाली एक फिकट निळा ठिपका.

'कॅसिनी' २०१७ मध्ये शनीच्या वातावरणात जळून गेलं. असो.

नातवाने तो फोटो छापून दिलाय. टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. ठिपका शोधायला मला अजून चष्मा लागतो, पण सापडतो.