तंजावरचीं मराठी निरूपणें व नृत्याचा इतिहास

फैजपुरासारख्या खानदेशांतील गांवीं जुनीं बाडें जमविणारास तंजावरच्या नृत्याशीं काय कर्तव्य, असा प्रश्न वाचकांस पडेल. उत्तर इतकेंच कीं, त्या नृत्याचें कांहीं महत्त्वाचें साहित्य मराठींत आहे. आणि केवळ पोथीवरून कलेचा इतिहास कितपत सांगतां येतो, याची कसोटी तेथें लागते.

तंजावरचे दुसरे सरफोजी महाराज (कारकीर्द १७९८–१८३२) यांच्या नांवावर मराठी निरूपणें आहेत. ‘कुमारसंभव निरूपण’ हें त्यांपैकीं एक. निरूपण म्हणजे एकाच कथेवर रचिलेली अठरा नृत्यप्रकारांची मालिका. आरंभापासून मंगळापर्यंत राग तोच व तालहि तोच.

याच दरबारीं चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलु हे चार बंधु होते. अलारिप्पु, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदम्, तिल्लाना हा आज भरतनाट्यांत शिकविला जाणारा क्रम त्यांनीं लाविला, असें परंपरा मानते. या क्रमांत राग व विषय बदलत जातात. म्हणजे एकाच दरबारीं नृत्यरचनेचे दोन घाट होते. एक सर्वत्र पसरला. दुसरा पोथींत राहिला. आमच्या मतें याचें कारण गुणांत शोधूं नये. पहिल्यास शिष्यपरंपरा लाभली, दुसऱ्यास दप्तर लाभलें.

फ्रान्सचा दाखला येथें उपयोगी आहे. चौदाव्या लुईनें १६६१ सालीं नृत्याची राजसभा स्थापिली, आणि १७०० सालीं फ्यूये यानें पदन्यासाची चिन्हलिपि छापिली. तरीहि बॅले जगला तो गुरूच्या पायांकडे पाहून शिष्यानें पाऊल टाकिलें म्हणून. निरूपणांत तर शब्द व बोल मिळतात; अंगविन्यास पूर्णपणें मिळत नाहीं. विसाव्या शतकांत मुंबईचे आचार्य पार्वतीकुमार यांनीं हीं निरूपणें पुन्हां रंगभूमीवर आणिलीं, तीं केवळ वाचून नव्हे, तर भरतनाट्याच्या जिवंत तालमीच्या आधारानें. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनीं तंजावरच्या मराठी रचना पुढें नेल्या.

सबब ‘भरतनाट्य मराठ्यांचें’ असा अभिमान धरणें आम्हांस अप्रशस्त वाटतें. राजाच्या नांवाची पोथी जपली गेली. ती नाचून दाखविणाऱ्या देवदासींचीं नांवें मात्र बहुधा लिहिलींच गेलीं नाहींत. १९४७ च्या मद्रास कायद्यानें देवदासींचें समर्पण बंद झालें, तें योग्यच. पण त्यांची विद्या इतरांच्या शाळांतून प्रतिष्ठा पावली, व त्या स्वतः बाजूस राहिल्या. हें आजच्या नृत्यशिक्षकानें शिष्यांस सांगितलें पाहिजे.

यांतून आम्हां संग्राहकांस बोध घेण्याजोगा आहे. खानदेशांत वहीगायनाच्या व तमाशांतील वगांच्या वह्या घरोघर पडून आहेत. अशी वही हातीं येतांच तिची नक्कल करून आपण समाधान मानितों. यापुढें वहीबरोबर गाणाराची चाल, डफाचा ठेका, नाचणाराची अदा आणि त्या सर्वांचीं नांवें त्याच बैठकींत टिपून घ्यावीं. कागद आणखी शंभर वर्षें वाट पाहील. तीं माणसें पाहणार नाहींत.